भारतीय खेळाडू समोर असताना परदेशी टेनिसपटूला पाठिंबा देणं चूक आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऐरोलीच्या फ्लॅटवर टेनिस बघताना तुम्ही भारतीय खेळाडूच्या समोरच्यासाठी ओरडलात, त्यावर रूममेट म्हणाला, "तुझ्यासारख्यांमुळेच आपल्याकडे टेनिस वाढत नाही," आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. एका शब्दात उत्तर हवं असेल तर: नाही, चूक नाही. पण तुमच्या रूममेटचं म्हणणं तुम्ही मांडलंय तितकं टाकाऊ मला वाटत नाही. म्हणून जरा पाल्हाळ लावते.

आमच्या घरात हा वाद 27 ऑगस्ट 2019 च्या सकाळी झाला. आम्ही तेव्हा ठाण्यात, नौपाड्यात आई-बाबांकडेच राहायचो. बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेले आणि आपला जुना टेनिसपटू रमेश कृष्णन याचे निस्सीम भक्त. रमेश थांबल्यावर काही वर्षं त्यांनी टेनिस बघणंच सोडलं होतं, ते फेडररने परत बसवलं. फेडररचा बॅकहँड लागला की बाबा गाण्याच्या बैठकीत द्यावी तशी मान डोलवत "वा बुवा" म्हणायचे. त्या दिवशी यूएस ओपनची पहिली फेरी होती आणि फेडररसमोर होता आपला सुमित नागल, क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता फेऱ्या, खेळून आलेला. मी एकीकडे डबे भरत होते, कारण मंगळवार, ऑफिस होतं.

पहिला सेट नागलने 6-4 घेतला. बाबांचा चहा तसाच गार झाला. "कुठला हा पोरगा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हरियाणातला, झज्जरकडचा. त्यानंतर ते दोघांनाही दाद द्यायला लागले. नागलचा फोरहँड बसला तरी "वा", फेडररने ड्रॉप शॉट टाकला तरी "वा". शेवटी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" बाबा म्हणाले, "सेट ह्याला मिळाला, बरं झालं. मॅच त्याला मिळू दे."

तसंच झालं. फेडररने पुढचे तीन सेट 6-1, 6-2, 6-4 असे घेतले. माझा नवरा मात्र बाबांवर मनापासून चिडला होता. सासऱ्यांना तोंडावर काही बोलता येत नाही, म्हणून स्टेशनपर्यंत मला ऐकवत आला. त्याचं म्हणणं जवळपास तुमच्या रूममेटसारखंच होतं.

आता टेनिसची एक गोष्ट, जी क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला चटकन उमगत नाही. क्रिकेटमध्ये बोर्ड निवडतं, कपडे देतं, तिकीट काढतं, मानधन देतं. टेनिसपटू वर्षातले बहुतेक आठवडे स्वतःचं दुकान चालवत असतो. कोच, फिजिओ, विमान, हॉटेल, रॅकेटच्या तारा बदलणं, सगळं खिशातून. पहिल्या फेरीत हरला की त्या आठवड्याचा धंदा तोट्यात. टीव्हीवर नावाशेजारी तिरंगा दिसतो खरा, पण देशाकडून खेळणं म्हणजे डेव्हिस कप (पुरुषांची देशादेशांतली सांघिक स्पर्धा), बिली जीन किंग कप (बायकांची तशीच), ऑलिंपिक, एशियाड. बाकी वेळी तो पाटीवरचा झेंडा आहे, हॉटेलचं बिल तो भरत नाही.

नागलचंच बघा. 2023 मध्ये तो उघडपणे म्हणाला होता की बँक खात्यात जेमतेम 900 युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्याच सुमाराला डेव्हिस कपसाठी पाकिस्तानला जायला त्याने नकार दिला, म्हणून आयटाने, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेने, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये थेट प्रवेश देणाऱ्या वाइल्ड कार्ड प्ले-ऑफसाठी त्याचं नाव पाठवलं नाही. पठ्ठ्या क्वालिफाइंगच्या तीन मॅच जिंकून आत शिरला आणि जानेवारी 2024 मध्ये 31व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरवण्याची त्याआधीची वेळ म्हणजे 1989, रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं ती. बाबांना ही माहिती कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच दिवसभरात सगळ्या नातेवाइकांना फोन केले.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बातमी आली की नागलने डेव्हिस कप खेळण्यासाठी वर्षाला 50,000 डॉलर मागितले. तो म्हणाला, असा मोबदला घेणं ही जगभरची रीत आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र "देशासाठी खेळायचे पैसे मागतो?" असे मेसेज. लिहिणाऱ्यांपैकी एक गृहस्थ असे आहेत की कंपनीच्या कामाला बेलापूरहून महापेला गेले तरी रिक्षाची पावती जपून ठेवतात. मी काही लिहिलं नाही. शेजारी आहेत, रोज लिफ्टमध्ये भेटतात.

"देशी" खेळाडू म्हणजे तरी कोण, हेही रूममेटला विचारून बघा. नागल लहानपणी महेश भूपतीच्या योजनेत निवडला गेला आणि मोठा झाल्यावर जर्मनीत सराव करत राहिला. पुण्याचा मानस धामणे इटलीत शिकायला गेला. अंकिता रैना अहमदाबादची, पण घडली पुण्यात, हेमंत बेंद्रे सरांकडे. म्हणजे तिला आपण मराठी लोकांनी अर्धी तरी आपली म्हणायला हरकत नाही. प्रकाश अमृतराज अमेरिकन नागरिक होता, तरी भारताकडून डेव्हिस कप खेळला. मग 2008 मध्ये सरकारने भारतीय पासपोर्ट नसलेल्यांना देशाकडून खेळायला मनाई केली आणि एका परिपत्रकाने तो आपला राहिला नाही. खेळ तोच, आडनाव तेच, बाप म्हणजे आपला जुना नामवंत टेनिसपटू विजय अमृतराज.

सानिया मिर्झाचं तर विचारूच नका. मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली मुलगी. 2014 मध्ये तेलंगणाची ब्रँड अँबेसेडर केली तर एका आमदाराने तिला "पाकिस्तानची सून" म्हटलं. पुढच्या एप्रिलमध्ये ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, तेव्हा ती पुन्हा सगळ्यांची मुलगी झाली. आपल्या खेळाडूंना पाठिंबा द्या असं मोठ्या आवाजात सांगणारेच पुष्कळदा "आपले" कोण याची यादी खिशात घेऊन फिरतात. माझा या युक्तिवादावर राग आहे तो इथे आहे.

उलटी गोष्टही आहे. मार्टिना नवरातिलोव्हा 1975 मध्ये चेकोस्लोव्हाकिया सोडून अमेरिकेत राहिली. अकरा वर्षांनी फेडरेशन कपसाठी (आताचा बिली जीन किंग कप) अमेरिकेच्या संघातून प्राग शहरात परत आली, म्हणजे स्वतःच्या जन्मदेशाविरुद्ध खेळायला. सरकारला ती नको होती. पण स्टँडमधल्या लोकांनी तिला टाळ्यांनी डोक्यावर घेतलं. ते लोक देशद्रोही होते का? मला तर वाटतं त्या दिवशी प्रागमध्ये आपलं माणूस सगळ्यात नीट त्यांनीच ओळखलं.

एवढं लिहिल्यावर तुम्हाला वाटेल की मी पूर्ण तुमच्याच बाजूची. थांबा.

माझ्या लेखी हा शेजारधर्माचा मामला आहे. शेजारच्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे नृत्याचा पहिला जाहीर कार्यक्रम, गडकरी रंगायतनला असलं की आपण जातो. ती देशातली सर्वांत मोठी नर्तकी आहे म्हणून नाही, तिचे पाय वर्षानुवर्षं आपल्या छतावर थाडथाड वाजलेत म्हणून. जो जात नाही त्याला कुणी वाळीत टाकत नाही. पण पुढे तिचं नाव झालं की "आमच्याच मजल्यावरची हो" म्हणून मिरवायला मात्र तोच पुढे असतो. ऋतुजा भोसलेने 2023 मध्ये हांगझोऊला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं एशियाड सुवर्ण घेतलं. त्या संध्याकाळी माझ्या फोनवर "मराठी मुलीचा डंका" छापाचे मेसेज धडाधड आले. मी दोघांतिघांना विचारलं, तिची एक तरी मॅच बघितलीय का? पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, सोलापुरात, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा होतात, तिथे अशा मुली खेळत असतात. कुणीच बघितली नव्हती. खरं सांगायचं तर तोवर मीही एकच बघितली होती.

आता आम्ही नेरूळला राहतो. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली तरी आमच्या सेक्टरमध्ये फटाके आणि ढोल. मीही खाली उतरले होते, रडलेसुद्धा. पण 2013 च्या महिला विश्वचषकातले भारताचे साखळी सामनेही मुंबईतच, ब्रेबॉर्नवर झाले होते आणि भारत पहिल्याच फेरीत बाद झाला, हे माझ्या ऑफिसात तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. ज्या दिवसांत टाळीची किंमत असते त्या दिवसांत आपण घरी असतो. फेडररला बाबांच्या "वा बुवा"ची काही गरज नव्हती. तीनशेव्या क्रमांकावरच्या मुलीला असते. तुमच्या रूममेटचा मुद्दा एवढ्यापुरता मला पटतो.

आणि एक गोष्ट कबूल करते, इथे कुणाला माझं नावगाव माहीत नसल्यामुळे लिहिणं सोपं आहे. माझी मुलगी बारा वर्षांखालच्या गटात खेळते. मागच्या वर्षी नवी मुंबईतल्या एका क्लबवर तिची आयटाची टॅलेंट सिरीज होती. या लेव्हलला लाइनमन वगैरे नसतात, मुलींनी आपल्या बाजूचे कॉल स्वतःच द्यायचे, एक रेफ्री चार कोर्टांवर फिरत असतो. समोरची मुलगी सुरतची. आई-लेक रात्रीच्या गाडीने आल्या होत्या. जाळीबाहेर आम्ही आठ-दहा पालक, बहुतेक वाशी-नेरूळचे, आणि बाकावर एकटी ती आई. तिच्या मुलीने मोक्याच्या पॉइंटला डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट घालवला, आणि आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. मीही वाजवली. हात आपोआप उठले. अर्ध्या तासापूर्वी त्याच बाईंनी मला डबा पुढे करून थेपला दिला होता, तो खाल्ल्याचं तेल अजून बोटांना होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

आपल्या पोरीच्या पॉइंट जिंकणाऱ्या फटक्याला टाळी आणि दुसरीच्या डबल फॉल्टला टाळी, यात फरक आहे हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं अशातला भाग नाही. माहीत होतं. तरी वाजवली. तुम्ही ऐरोलीत ओरडलात ते परदेशी खेळाडूच्या फटक्याला की आपल्याच्या चुकीला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला विचाराल तर सगळं त्यावर आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये चर्चगेटजवळच्या सीसीआयला (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा होती. माया राजेश्वरन रेवती, कोइमतूरची पंधरा वर्षांची मुलगी, क्वालिफाइंगपासून खेळत सेमीफायनलला पोचली होती. शनिवार होता, म्हणून बाबांना आणि लेकीला घेऊन गेले. बाबांना तमिळचा गंध नाही, पण पहिल्या गेमपासून "अगं, पाय हलव, पाय" असं मराठीत कोचिंग चालू. समोर स्वित्झर्लंडची यिल टाइखमान, डावखुरी, मुरलेली. तिने कोपऱ्यात असे काही फटके मारले की बाबांच्या तोंडून दोनदा "वा बुवा" निसटलंच, आणि दोन्ही वेळा त्यांनी दचकून आजूबाजूला बघितलं. माया सरळ दोन सेटमध्ये हरली. टाइखमानने दुसऱ्या दिवशी स्पर्धाही जिंकली. बाबा मॅच संपल्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते, दोघी आत जाईपर्यंत. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

पुन्हा तिथे स्पर्धा भरली की रूममेटला घेऊन जा, अबोला असला तरी. ऐरोलीहून ठाण्याला येऊन सीएसएमटीची फास्ट पकडा, तिथून चर्चगेटच्या दिशेला टॅक्सी किंवा पंधरा-वीस मिनिटं चालत. पहिल्या फेरीच्या दिवशी जा, सोमवारी-मंगळवारी. बसायला हवी तेवढी जागा असते. टोपी न्या, ऊन फार लागतं.