बर्लिनला आरओ आणू नका, इमारतीचं वय विचारा

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये बर्लिनला येताय, मुलगी दोन वर्षांची आहे, नळाचं पाणी तिला चालेल का आणि आरओ सोबत आणावा का. आरओ आणू नका. पाणी चांगलं आहे हे जलसंस्थेच्या साइटवर तुम्ही वाचलंच असेल, ते परत सांगत नाही.

इथलं पाणी जमिनीखालचं. त्यातलं बरंचसं श्प्रे आणि हाफेल नद्यांच्या काठांतून मुरत आलेलं. त्याला हवा देऊन, वाळूतून गाळून लोह आणि मँगनीज काढतात, झालं. एरवी क्लोरीन नाही. आपल्याला तो वास आल्याशिवाय पाणी शुद्ध वाटत नाही, म्हणून मी बरेच महिने उकळूनच भरत होते. पाणी जड मात्र आहे. किटलीत पांढरा थर धरतो, कोऱ्या चहावर तवंग येतो. त्याने अपाय नाही, सायट्रिक ॲसिड आणून ठेवा.

खरी भानगड इमारतीची. जलसंस्थेची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढचे पाइप घरमालकाचे. १९७३ नंतरच्या घरांत शिशाचे पाइप नसतात, जुन्यांत सापडतात. ते १२ जानेवारी २०२६पर्यंत काढायचे किंवा बंद करायचे असा कायदा झाला. असले तर भाडेकरूंना कळवणंही मालकाला बंधनकारक आहे. पण कायदा कागदावर. आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाला मी पत्रं पाठवली, जर्मनमध्ये, रजिस्टर्ड. महिनोन्‌महिने काही नाही, मग उत्तर आलं: पत्रावर फ्लॅटचा क्रमांक योग्य जागी नाही! शेवटी पदरचे पैसे घालून प्रयोगशाळेत पाणी दिलं. पाण्यात उतरणाऱ्या शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रामची आहे, २०२८पासून ५ होणार. आमचं त्याच्या कितीतरी खाली निघालं. पत्राचा राग मात्र गेला नाही.

म्हणून करारावर सही करायच्या आधी पाइपांचं लेखी घ्या. सही झाली की तुम्हाला कोण विचारतंय. आणि शिसं उकळून जात नाही. सकाळी गार पाणी येईपर्यंत नळ सोडा, रात्रभर पाइपात राहिलेलं मुलीच्या दुधाला नको. गरम नळाचं स्वयंपाकालाही नको.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात जास्त. पुढे.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आमच्या मुलाला भाषा येत नाही म्हणून नव्याने आलेल्या मुलांच्या वर्गात बसवलं, ते ठीक. पण गणितही मागच्या इयत्तेचं. मी बाईंना वहीत लिहून विचारलं. उलट चिठ्ठी आली: घरून उकळलेलं पाणी देत जाऊ नका, इथे सगळी मुलं नळाचं पितात. गणिताबद्दल अक्षर नाही. बाईंचं म्हणणं खरंच होतं, तेच तर जास्त लागलं. आता पोरगा माझ्यापेक्षा बरं जर्मन बोलतो, त्याला ती चिठ्ठी आठवतही नाही. नवरा म्हणतो, सोड. माझ्याकडे ती अजून फाइलमध्ये आहे, प्रयोगशाळेच्या रिपोर्टामागे.

घर कुठल्या भागात बघताय ते कळवा. इमारत जुनी असली तर मालकाला पाठवायचं पत्र माझ्याकडे तयार आहे. फ्लॅटचा क्रमांक कुठे लिहायचा तेही आता ठाऊक आहे.