तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : नखं काय सांगतात?

प्रश्न : मुलीच्या (वय ९) नखांवर पांढरे ठिपके येतात. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी पडतंय, म्हणून मेडिकलमधून सिरप आणलं, दोन बाटल्या संपल्या पण ठिपके आहेत तसेच. अजून देत राहू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : नको, बंद करा. त्या ठिपक्यांचा कॅल्शियमशी संबंध नाही, हा समज घरोघरी इतका पक्का बसलाय की दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. खेळताना बोट कुठेतरी आपटतं, नाहीतर मुलं नखं कुरतडतात, तो मार नखाच्या मुळाशी बसतो आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे ठिपका वर दिसेपर्यंत मार कुणाच्या लक्षातही राहत नाही. नखाबरोबर पुढे सरकेल आणि एक दिवस नेलकटरनं कापला जाईल, बस.

प्रश्न : वय ३६. माझी नखं पातळ झालीत आणि मधून खोलगट, पाण्याचा थेंब टाकला तर तिथेच थांबतो. जिना चढताना धाप पण लागते. नेलपेंटमुळे झालं असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नेलपेंटचा विचार नंतर करू, आधी रक्त तपासा. चमच्यासारखी खोलगट नखं आणि सोबत धाप, हे बघितलं की पहिली शंका लोह कमी असल्याची येते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) या दोन तपासण्या करून घ्या, नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका कारण शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. आणि डॉक्टरांना न लाजता सांगा, पाळीत रक्त किती जातं, मूळव्याध आहे का, माती किंवा बर्फ खावासा वाटतो का (हो, हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं). आपल्याकडे बायका "दमायला होतं" एवढंच म्हणतात आणि वर्षानुवर्षं तशाच ओढत राहतात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण यावरचं औषध स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळतं.

गोळी चालू झाली की चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही, त्यापेक्षा लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिनचा आकडा नॉर्मल आला तरी साठा भरायला पुढे अजून तीनेक महिने गोळ्या लागतात आणि नेमक्या इथेच बहुतेक जणी सोडून देतात. नखं मात्र लगेच सुधारणार नाहीत, पूर्ण नवीन नख यायला सहाएक महिने जातात.

प्रश्न : बाबांच्या (वय ६१) उजव्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ आलीये, वर्षभरात रुंद झाली. ते म्हणतात दार लागलं असेल.
– पुणे

उत्तर : आपल्यासारख्या सावळ्या रंगाच्या लोकांत बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी रेघा असतात, त्यात काही नसतं. पण इथे एकाच नखात आहे, उतारवयात आलीये आणि रुंद होतेय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर थांबायचं नाही, याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काळा रंग नखाबाहेर कातडीवर उतरलाय का तेही बघा. मार लागून साकळलेलं रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं, तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग आधी फुटबॉलची जखम वाटला होता, १९७७ मध्ये तो मेलेनोमा म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला आणि १९८१ मध्ये ३६व्या वर्षी ते गेले. बाबांचं तसंच असेल असं मी म्हणत नाहीये, पण ते तसं नाही हे डॉक्टरांनी बघून, लागली तर बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करून ठरवू दे.

प्रश्न : शेगाव तालुक्यात केस आणि मग नखं गळाल्याच्या बातम्या वाचल्यापासून भीती वाटते. माझी पण दोन नखं उचलली गेलीत, खाली पोकळ, पांढरं.
– अकोला

उत्तर : २०२५ मध्ये तिथे जे झालं ते एका घरात नाही तर अनेक गावांत झालं, आणि तपासणीत रक्तात सेलेनियम हे खनिज जास्त आढळलं होतं. सेलेनियम शरीरात फार झालं तर केस आणि नखं दोन्ही जातात. तुमची दोनच नखं आहेत, केस ठीक आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. ठीक असतील तर दिवसभर पाण्यात, साबणात हात असणं, बुरशी, सोरायसिस (त्वचेचा एक जुनाट आजार) किंवा थायरॉइड ही कारणं जास्त शक्य वाटतात. मेडिकलवाल्याकडून बुरशीची गोळी परस्पर आणू नका, आधी नख खरवडून तपासणी करा, कारण त्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. तोवर उचललेला भाग कापून टाका, खाली काडी घालून साफ करत बसू नका आणि भांडी घासताना हातमोजे घाला.