रबराची रोपं लहान असताना मधल्या जागेत अननस किंवा केळी घेता येते का?

हो, पहिली तीन-चार वर्षं बिनधास्त घ्या. त्यानंतर रबराची सावली दाटते आणि खालचं पीक नुसतं पानांवर वाढतं. चीक मिळायला साधारण सात वर्षं लागतात, म्हणून मधलं उत्पन्न मोलाचं. केरळात वाळाकुळमच्या आसपास अननस याच पद्धतीने होतो. दोडामार्गाच्या बाजूला उतारावर लागवड असेल तर माझी पसंती अननसालाच: उताराला आडव्या जोडओळी लावल्या की पावसात वाहणारी माती त्या अडवतात, आणि दरवर्षी जमीन उकरावी लागत नाही. आलं-हळद काढताना मात्र सगळी जमीन खणली जाते, म्हणून ती सपाट जागेतच बरी. केळी चालते, पण तिला पाणी आणि खत भरपूर लागतं.

अट एकच, पण ती मोडू नका: रबराच्या बुंध्यापासून दीडेक मीटर जागा मोकळी ठेवा. त्याची अन्न घेणारी बारीक मुळं अगदी वरच्या थरात असतात, कुदळीच्या एका घावात तुटतात. दोन्ही पिकांना खत वेगवेगळं द्या, नाहीतर रोप खुरटतं आणि चीक लांबतो.