३० बाय २० फुटांच्या अंगणात हरळीचं लॉन करायचं आहे, बी किती आणू?

साधारण ४५० ग्रॅम. हिशोब असा: ६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर. टरफल काढलेलं हरळीचं बी चौरस मीटरला ६ ग्रॅम धरा, म्हणजे ३३६ ग्रॅम. पण पाकिटातलं सगळं बी उगवत नाही. लेबलवर शुद्धता ९५ टक्के आणि उगवण ८० टक्के असेल, तर ०.९५ × ०.८० = ०.७६; ३३६ ला ०.७६ ने भागा, ४४२ येतात. पायवाट, झाडांची आळी आधीच वजा करा. दाट सावलीची जागाही; तिथे हरळी टिकत नाही, बी वाया जातं.

'जास्त टाकलं तर दाट येईल' हा हिशोब मात्र फसतो. रोपं गर्दीत दुबळी राहतात आणि ओलाव्यात रोपमर, म्हणजे कोवळी रोपं बुरशीने कुजण्याचा रोग, लागते.

बी फार बारीक असतं, म्हणून चौपट कोरड्या वाळूत मिसळा. निम्मं उभं, निम्मं आडवं फेका. वर अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नको. थंडीत पेरू नका, उगवण रखडते. आणि दुकानदार 'कोरियन कार्पेट' हे दुसरं गवत सुचवत असेल, तर ते रोपं किंवा मातीसकट कापलेल्या गवताच्या लाद्या लावून करतात; हा हिशोब त्याला लागू नाही.