जळगावात मुलांच्या हॉट चॉकलेटला २०० रुपये का पडतात?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की भुसावळहून जळगावला खरेदीला आलात, दोन्ही पोरांना घेऊन कॅफेत बसलात, एक हॉट चॉकलेट आणि एक केळ्याचा मिल्कशेक घेतला आणि बिल ३७८ रुपये झालं. दोनेक वर्षांपूर्वी हेच अडीचशेच्या आत भागत होतं. दूध, साखर आणि आपल्याच रावेरची केळी, मग एवढे पैसे कशाचे, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय घरी करून दिलं तर पोरं तोंड वाकडं करतात, ते का, हेही विचारलंय.

मी जळगावातच एक लहानसं कॅफे चालवतो. त्यामुळे ग्लासात काय जातं आणि गल्ल्यात काय येतं, दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतं. जे आहे ते सरळ सांगतो.

आधी माल. हॉट चॉकलेटच्या कपात २०० मिली फुल क्रीम दूध जातं. लिटरला ७० धरा, म्हणजे १४ रुपये. चॉकलेटची तयार पावडर २५ ग्रॅम, ८०० रुपये किलोच्या भावाने २० रुपये. वरची क्रीम, दोन मार्शमेलो, सिरपची नक्षी, साखर, सगळं मिळून दहा-बारा. म्हणजे ४५ रुपयांच्या आसपास माल. केळ्याच्या शेकमध्ये तर त्याहून कमी. दूध तेवढंच, एक केळं तीन-चार रुपयांचं, साखर, आइस्क्रीमचा एक गोळा. पस्तीसच्या वर खर्च जात नाही. त्यातलं सगळ्यात स्वस्त म्हणजे केळंच. यावल-रावेरच्या शेतकऱ्याला भाव मिळो न मिळो, शेकच्या दरावर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. तुमच्या शेकच्या १७० रुपयांतले जेमतेम तीन रुपये केळ्याचे, आणि त्यातलाही शेतकऱ्याच्या हातात किती पडतो ते तुम्ही जाणताच.

मग बाकीचे कुठे जातात? चांगल्या रस्त्यावरच्या चारशे चौरस फुटांच्या गाळ्याला ३५,००० भाडं सहज लागतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६,३००. इथे एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसते. नोव्हेंबर २०१७ पासून आम्ही बिलावर ५ टक्के जीएसटी घेतो, पण त्या बदल्यात आम्हाला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. भाड्यावर, यंत्रावर, फर्निचरवर जो कर भरला तो परत वळता होत नाही, तो खर्चातच धरावा लागतो आणि शेवटी ग्लासाच्या दरात येऊन बसतो. त्यानंतर चार पोरांचे पगार. आणि वीज. पुण्या-नाशिकच्या कॅफेवाल्याला आपल्या उन्हाळ्याची कल्पना यायची नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात असतो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तरी एसी चालू ठेवावा लागतो, कारण एखादं गिऱ्हाईक आलंच तर ते थंडाव्यासाठीच आलेलं असतं.

हे सगळं मिळून दिवसाला ४,००० रुपये बसल्या जागी लागतात. आठवड्यातल्या साध्या दिवशी ६०-७० ग्लास-कप गेले तर प्रत्येकावर साठेक रुपये चढतात. माल ४५, वर ६०, झाले १०५. त्यानंतर यंत्राचा हप्ता, नासलेलं दूध, फुटलेले ग्लास, ॲपवरून ऑर्डर आली तर त्यांचं कमिशन, आणि मग मालकाची मजुरी. म्हणून १४०-१५० ला हॉट चॉकलेट विकणारा लुटतोय असं मी म्हणणार नाही.

पण तुमचा प्रश्न खरा १५० च्या वरचा आहे, आणि तिथे तुमचं म्हणणं मला पटतं.

दरवाढीचं कारण म्हणून सगळे कोकोकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. पश्चिम आफ्रिकेतले आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोनच देश जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. तिथे अवेळी पाऊस झाला, आपल्या कपाशीला बोंडसड लागते तशी कोकोच्या शेंगांना काळी कूज लागली, शिवाय झाडंच वाळवणारा विषाणूजन्य रोग पसरला. वर्षानुवर्षं टनाला २,५०० डॉलरच्या आसपास असणारा कोको मार्च २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या पुढे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये १२,००० च्याही वर. आमच्या पावडरीचे भाव त्या वर्षात कितीदा तरी बदलून आले.

आता गोम बघा. तयार पावडरीत कोको थोडाच असतो, निम्म्याहून जास्त साखर. त्यामुळे कोको चौपट झाला तरी एका कपामागे वाढ झाली ती आठ-दहा रुपयांची. मेनूवर मात्र दर ४०-५० ने चढले. पुढे २०२५ मध्ये कोको उतरत गेला आणि वर्षअखेरीस निम्म्यावर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट, कोको पावडर आणि आइस्क्रीम यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आम्हाला क्रेडिट नसल्यामुळे ही कपात थेट आमच्या खिशात पडते. कपामागे दोनेक रुपयांचीच, पण पडते. एवढं होऊनही मेनूतल्या मुलांच्या पानावरचा दर खाली आलेला मी तरी कुठे पाहिला नाही.

असं का होतं? कारण मोठ्या माणसाला कॅपुचिनोचा भाव पाठ असतो. मालकाने १३० चे १५० केले की रोजचं गिऱ्हाईक लगेच म्हणतं, 'काय भाऊ, वाढवले का?' आणि समोरच्या दुकानात जातं. कॉलेजची पोरं एका कोल्ड कॉफीवर तीन-तीन तास बसतात, त्यांचा दर वाढवायला गेलो तर दुकान रिकामं पडतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीचा जागतिक भाव उच्चांकाला गेला, तेव्हाही कॅफेवाल्यांनी कॉफीला फारसा हात लावला नाही. तो भार मुलांच्या पानावर सरकवला. मुलांच्या पेयाचा भाव कोणी लक्षात ठेवत नाही. कुटुंब महिन्यातून एकदा येतं, पोर चित्रावर बोट ठेवतं, बरोबर पुण्याहून आलेले पाहुणे असतात, आणि पाहुण्यांच्या लेकरासमोर 'हे महाग आहे' म्हणायची आपल्याकडे रीत नाही. ही नस धंद्याला नेमकी सापडलेली आहे. आमच्या धंद्यातले लोक आपसात हे उघड बोलतात. मला ते बरोबर वाटत नाही. मोठ्यांच्या कॉफीचा तोटा लेकरांच्या दुधातून भरून काढायचा, हा व्यवहार मनाला लागतो.

आणि मापाचं काय? बहुतेक ठिकाणी मुलांच्या नावाने येतो तो ग्लास ३०० मिलीचा असतो, म्हणजे मोठ्यांएवढाच. परत आलेले ग्लास धुवायच्या जागी येतात ना, तिथे पाच मिनिटं उभं राहा. वरची क्रीम चाटून साफ, मार्शमेलो गायब, स्ट्रॉ चावून चपटा, आणि खाली निम्मं दूध तसंच, बुडाशी चॉकलेटचा घट्ट थर बसलेला. पाच-सहा वर्षांचं लेकरू १२०-१५० मिलीच्या वर पीत नाही. पैसे ३०० चे लागतात, निम्मं मोरीत जातं. जळगाव जिल्ह्यात गोठ्यात दूध काढणाऱ्या माणसाने हे पाहिलं तर त्याला काय वाटेल, सांगा.

मालक लहान ग्लास ठेवत नाही, त्यालाही कारण आहे. ग्लास अर्धा झाला म्हणून भाडं अर्धं होत नाही, खुर्ची तेवढीच अडते, बनवायला वेळ तेवढाच लागतो. ७० रुपयांचा ग्लास ठेवला तर त्यावर काही सुटत नाही, अशी भीती असते. मी छोटा ग्लास ठेवला आहे, १५० मिलीचा, वर क्रीम नाही, दर ७०. एका ग्लासापुरतं पाहिलं तर त्यावर फारसं सुटत नाही, हे खरं. पण आईबाप निवांत बसतात, स्वतःसाठी काहीतरी मागवतात, आणि सोमवार-मंगळवारी संध्याकाळीही घरची माणसं यायला लागली, जेव्हा एरवी खुर्च्या रिकाम्याच असतात. रिकाम्या खुर्चीचंही भाडं मी भरतच असतो. म्हणून माझं मत असं की लहान ग्लास न ठेवणं ही मजबुरी नाही, ती सवय आहे, आणि गिऱ्हाइकांनी मागितलं तर ती मोडते.

तेव्हा पुढच्या वेळी आधी 'हाफ मिळेल का' असं विचारा. मेनूत नसलं तरी बरेच जण देतात. नाही म्हणाले तर एक मोठा आणि एक रिकामा कप मागवा, दोघांत एक करा. क्रीम-मार्शमेलो नको म्हणून सांगा, कित्येक ठिकाणी त्याचे वेगळे ३०-४० लावलेले असतात आणि वेटर न विचारता टाकतो. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याच्या सक्तीला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. एका बाबतीत मात्र भांडून उपयोग नाही. पॅकबंद ज्यूस किंवा पाण्याची बाटली टेबलावर छापील किमतीपेक्षा जास्त दराने दिली तर ते बेकायदा नाही, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला आहे. ज्यूसचा डबा लेकराला बाहेर दुकानातूनच घेऊन द्या.

शेक घेताना त्यात आइस्क्रीम आहे की फ्रोझन डेझर्ट, हेही विचारून घ्या. साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, फ्रोझन डेझर्टमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेल असतं. १७० रुपये मोजून तेलाचा गोळा लेकराच्या पोटात का घालायचा? आणि नुसता केळ्याचा शेकच हवा असेल तर जळगाव-धुळ्यातल्या कोणत्याही चांगल्या ज्यूस सेंटरवर तो ४०-५० ला मिळतो, समोर केळं सोलून करून देतात. एसी नाही, एवढाच फरक. मी कॅफेवाला असूनही हे मनापासून सांगतो.

भाव उतरतील का? फार नाही. कोको उतरला तरी भाडं आणि पगार उतरत नाहीत.

आता घरचं. पोरांना ते का आवडत नाही, तर आपण उकळत्या दुधात कोको टाकतो, त्याच्या गुठळ्या होतात, चव कडवट आणि पेय पातळ. असं करून बघा. दोन पोरांसाठी दोन लहान चमचे कोको, तीन चमचे साखर, पाव चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमटीच्या टोकावर मीठ, हे सगळं भांड्यात कोरडंच कालवा. त्यात दोन-तीन चमचे कोमट दूध घालून गुळगुळीत पेस्ट करा. मग ३०० मिली फुल क्रीम दूध घालून मंद आचेवर ठेवा आणि हलवत राहा. कडेला बुडबुडे आले की डार्क चॉकलेटचे दोन तुकडे टाका, वितळले की गॅस बंद. त्यानंतर ताक घुसळायची रवी घ्या आणि मिनिटभर जोरात घुसळा. कॅफेत वाफेच्या नळीने जो फेस आणतात, तो रवीनेही येतो. कॉर्नफ्लोअरने दाटपणा येतो आणि मिठाने चॉकलेटची चव वर येते. दोन कपांना मिळून चाळीसेक रुपये लागतील. घुसळायचं काम पोरांच्याच हातात द्या, आणि ग्लास काचेचा असू द्या.