बिलं आहेत, पण पॉलिसीत नोंद नाही

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी सात वर्षं वापरलेली हॅचबॅक सिग्नलला उभी असताना मागून ट्रकने ठोकली. आम्ही सगळे सुखरूप आहोत, पण गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं सर्व्हेअरने लिहून दिलं. गाडीला मी हौसेनं अलॉय व्हील्स, नवं सस्पेन्शन, डिकीत सबवूफरसह म्युझिक सिस्टिम असं बरंच काही बसवलं होतं, आणि इंजिन रीमॅप करून, म्हणजे त्याच्या संगणकातल्या सेटिंग बदलून ताकद वाढवून घेतलं होतं. सगळ्याची बिलं जपून ठेवली आहेत. कंपनी मात्र साध्या गाडीचा बाजारभाव देऊ करते आहे आणि संमतिपत्रावर सही मागते आहे. बसवलेल्या सामानाचे पैसे मिळणार नाहीत का? निदान ते काढून घेऊ का?

उत्तर : सही अजून केली नसेल, तर आधी हे वाचा.

बरीच वर्षं मी वाहनांच्या नुकसानीची पाहणी करत होतो. तुमच्या हातात आहे तशी बिलांची फाईल घेऊन आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आणि त्यांना ‘नाही’ म्हणताना मला दर वेळी वाईट वाटलं. बिलावरून तुम्ही किती खर्च केला ते कळतं. कंपनीने काय भरून द्यायचं कबूल केलं, ते मात्र पॉलिसीतच पाहावं लागतं. बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये गाडी म्हणजे कारखान्यातून आली तशी गाडी. नंतर बसवलेल्या वस्तूंना एक तर लहानशी मर्यादा असते, नाहीतर त्यांची वेगळी नोंद करून, जादा हप्ता भरूनच संरक्षण मिळतं. म्हणून पॉलिसीचं पहिलं पान बाजूला ठेवा आणि जोडपत्रं काढा. ‘ॲक्सेसरीज’, ‘इलेक्ट्रिकल फिटिंग्ज’ अशा शीर्षकाखाली एखादी रक्कम छापलेली असली, तर तेवढा हक्क तुमचा आहे आणि तो मागायलाच हवा.

नोंद असली तरी बिलाचा पूर्ण आकडा मिळत नाही, कारण घसारा, म्हणजे वापरामुळे होणारी किंमतीतली घट, सामानालाही लागतो. सीट कव्हर, काचांची फिल्म, रंगावरचं कोटिंग यांना टोटल लॉसमध्ये, म्हणजे गाडी पूर्ण बाद ठरल्यावर, वेगळी किंमत जवळजवळ कधीच धरत नाहीत, त्यामुळे त्यांवर वाद घालू नका.

वाद घालायचाच तर बाजारभावाच्या आकड्यावर घाला. कंपनीने तो कशावरून काढला, त्याचा तक्ता लेखी मागा. तुमच्या गाडीचं व्हेरियंट बरोबर धरलं आहे का? वरच्या मॉडेलच्या जागी खालचं मॉडेल लिहिलं जाणं ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे, आणि तिथला फरक कित्येकदा अलॉयच्या किमतीहून मोठा निघतो. किलोमीटर, गिअरबॉक्सचा प्रकार, कंपनीनेच बसवून दिलेलं सनरूफ, हे सगळं पडताळा. तशाच गाड्या सध्या कितीला विकल्या जात आहेत त्याचे पुरावे जोडा. काही पॉलिसींमध्ये मूल्यांकनाचं कलम असतं. त्यानुसार दोन्ही बाजू आपापला मूल्यमापक नेमू शकतात.

आता रीमॅपबद्दल. विम्यात ‘परम सद्भाव’ नावाचं जुनं तत्त्व आहे. १७६६ साली इंग्लंडमधल्या कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते मांडलं : जोखीम ठरवायला लागणारी माहिती ज्याच्याकडे आहे, त्याने ती लपवू नये. इंजिनाची ताकद वाढवणं ही अशीच माहिती. पुढे त्याच इंग्लंडने २०१२च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचं हे ओझं हलकं केलं. आता विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक, खरं उत्तर देणं ही तिथल्या ग्राहकाची जबाबदारी मानतात. प्रत्येक देशात नियम वेगळा, म्हणून तुमचा प्रस्ताव-अर्ज शोधून त्यात बदलांविषयी नेमकं काय विचारलं होतं ते पाहा. कंपनीने विचारलं तर खरं सांगा. गाडी उभी होती आणि धडक मागून बसली, म्हणजे रीमॅपचा या अपघाताशी संबंध नाही, हेही ठामपणे लिहा.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील मात्र वेगळाच आहे : चूक ट्रकवाल्याची होती. त्याच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागायची भरपाई तुमच्या पॉलिसीच्या कलमांवर उभी नसते, ती प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीवर उभी असते. तुमच्या कंपनीने न दिलेला सामानाचा भाग तिथे मागता येतो का, हे वकिलाला विचारा, आणि तेही संमतिपत्रावर सही करण्याआधी. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द त्या कागदावर असतील, तर सहीनंतर ही वाट अवघड होऊ शकते. त्या अपघातात तुमचा काडीचाही दोष नसताना हे पैसे बुडावेत, हे मला पटत नाही.

सामान काढण्याबद्दल : गुपचूप काढू नका. पूर्ण रक्कम दिल्यावर मोडकी गाडी सहसा कंपनीची होते आणि तिच्यातून काही गायब झालं तर तेवढे पैसे कापले जातात. पण मागायला हरकत कसली? मूळ चाकं तुमच्याकडे पडून असतील तर ती बसवून अलॉय परत घेण्याची परवानगी लेखी मागा. कंपनी ज्या सामानाचे पैसे देत नाही, ते तिला ठेवूनही घेता येऊ नये, हा युक्तिवाद रास्त आहे आणि पुष्कळदा मान्यही होतो. फक्त मागची दोन चाकं दुसऱ्या गाडीला लावू नका. धडक सोसलेल्या अलॉयमधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. मागच्या सस्पेन्शनचाही मोह सोडा.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पायांत ताकद नाही. त्यांच्या गाडीत हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर आणि बाहेर वळणारी सीट बसवून घेतली आहे. ही तर गरज आहे, हौस नव्हे. तरी कळवावं लागेल?

उत्तर : हो, आणि आजच कळवा. काही कंपन्या अशा बदलांसाठी जादा हप्ता घेत नाहीत, पण नोंद नसली तर भरपाईच्या वेळी अडचण येते. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून घ्या आणि पॉलिसीला जोडलेलं पत्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. बिलावर गाडीचा नंबर हवा. नंबरप्लेटसह आतले-बाहेरचे फोटो काढून ठेवा. शक्य असेल तर बाजारभावाऐवजी आधीच ठरवलेल्या मूल्याची पॉलिसी विचारा, कारण अशा गाडीचा बाजारभाव काढताना त्या सीटची किंमत कुणी धरत नाही. शिवाय तीच यंत्रणा नव्या गाडीत बसवण्याचा खर्चही विचारात घ्या. वडिलांना गाडीविना काढावे लागणारे महिने पॉलिसीत धरलेले नसतात, म्हणून पर्यायी वाहनाची सोय मिळते का आणि ते वाहन त्यांना चालवता येईल असं असेल का, हेही कंपनीला बदल कळवण्याच्या पत्रातच विचारा.