सोमवारची माणसं आत्ताच शोधून ठेव

प्रिय बाळ,
सप्रेम सलाम.

तुझा मेसेज सकाळी वाचला. रात्री साडेबाराला पाठवलायस, त्यावरूनच निम्मं कळलं. तू पाळक आहेस त्या चर्चची मंडळी वाढतेय, युवक संघ जोरात आहे, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीशी अजून तरी वाजलेलं नाही, हे वाचून बरं वाटलं, पण रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर कोणाशी बोलावंसंच वाटत नाही, पाळकीणबाई ताट वाढतात आणि तू मोबाईल बघत बसतोस, हे जे तू शेवटी जाता जाता लिहिलंयस ना, मी त्याच्याबद्दलच लिहिणार आहे.

यात घाबरण्यासारखं काही नाही आणि तुझा विश्वास कमी पडला असंही नाही. आठवडाभर तू लोकांचं ऐकतोस, कोणाचा नवरा पितो, कोणाची जमिनीची केस, कोणाचा रिपोर्ट वाईट आलाय, आणि हे सगळं पोटात ठेवायचं. मंडळीत कोणाला सांगता येत नाही. वर सांगावं तर बदलीचा कागद ज्यांच्या सहीने निघतो त्यांच्यासमोर कोण मन मोकळं करणार! मग उरते बायको. तिने किती ऐकायचं? तिलाही महिला संघात त्याच बायकांबरोबर बसायचंय, हसून बोलायचंय.

म्हणून चार-पाच पाळकांचा एक छोटा गट धर. बरं चाललंय तेव्हाच धर. माणूस खचला की ओळखीच्यालासुद्धा फोन लावायची ताकद राहत नाही, नवीन ओळखी कुठून करणार.

तू म्हणशील तालुक्याची पास्टर्स फेलोशिप आहे की. आहे, जात जा, ओळखी होतात. पण तिथे पहिला प्रश्न मेंबर किती झाले, दुसरा प्रश्न बांधकाम कुठवर आलं, आणि डायोसिसची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाची, निवडणूक जवळ आली असेल तर मग विचारूच नको. सगळे आपापल्या विजयाच्याच साक्षी देतात. व्हॉट्सॲपचंही तेच. आज फार थकलोय असं टाकून बघ, पाच मिनिटांत हात जोडलेले आणि आमेन आमेन, फोन मात्र एकाचाही येणार नाही.

गटात सगळे तुझ्याच डायोसिसचे नकोत. आमच्या नगरच्या गटात एक मेथडिस्ट, एक मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मीचा) कॅप्टन, त्यांच्यात पाळकालाच कॅप्टन म्हणतात, एक स्वतंत्र मंडळीचा पास्टर ज्याला पगार नाही, दानावरच घर चालतं, आणि मी सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा, रिटायर झालो तरी जातोच. 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं तेव्हा अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, त्यावरून अजून चहाला टोमणे चालतात. पण आमच्यात कोणाच्या बदलीला कोणाचा संबंध नाही, कोणाला कोणाची खुर्ची नको, त्यामुळे बोलताना जीभ अडखळत नाही.

दिवस सोमवारच ठेव. रविवारचं सगळं अजून ताजं असतं आणि सोमवारी कोणी पाळकाला लग्नाला बोलवत नाही (दफनविधीचं मात्र सांगता येत नाही). जागा कोणाचंही चर्च नको, नाहीतर तो यजमान होतो आणि त्याची बायको स्वयंपाकघरात अडकते. आम्ही एका हॉटेलच्या मागच्या टेबलावर बसतो. मोबाईल पिशवीत. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

एकदा त्या स्वतंत्र मंडळीच्या पास्टरने सांगितलं की सकाळी त्याने एका तान्ह्या बाळाला पुरलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी एक लग्न लावलं. पावसाचे दिवस. लग्नाचे फोटो आले तेव्हा त्याने पाहिलं, नवरा-नवरीच्या शेजारी तो हसत उभा आहे आणि बुटांना दफनभूमीतला चिखल तसाच आहे. तेवढंच बोलला. कॅप्टनने विचारलं, मग त्या दिवशी तू जेवलास कुठे? तो म्हणाला, जेवलोच नाही. मग त्याला जेवायला लावलं आम्ही, दोन तास बसलो, बाकी काही केलं नाही.

इथे तुला एक अवघड जाणार, तू नुकताच सेमिनरीतून, पाळकांच्या शाळेतून, आलायस. समोरचा रडायला लागला की लगेच रोमकरांस 8:28, "सगळं मिळून भल्यासाठीच होतं" ते वचन, काढायचं नाही. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं, घोटाळा झाला तो त्यांनी तोंड उघडल्यावर. आणि तिथलं बोलणं "प्रार्थनेचा विषय" म्हणून बाहेर न्यायचं नाही, अगदी घरीसुद्धा नाही. आपल्या लोकांत निम्म्या चहाड्या प्रार्थनेचे विषय म्हणूनच फिरतात, तुला माहितेय. अजून एक, गटात उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. कोणाला खरंच नड असेल तर सगळ्यांनी मिळून द्यावे आणि विसरून जावं. उसनवारीत माणूस भेटायचाच बंद होतो.

लोकांना आधार देणाऱ्याने स्वतः आधार मागायचा म्हणजे कमीपणा, असं तुझ्या डोक्यात असेल तर गेथशेमाने बागेतली, येशूला धरलं त्या रात्रीची गोष्ट परत वाच. पेत्र, याकोब, योहान यांना बरोबर नेऊन प्रभूने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की माझा जीव अति खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले ती गोष्ट वेगळी. जर्मनीत बॉनहॉफर नावाचा पाळक फिंकनवाल्डेच्या सेमिनरीत नवे पाळक घडवत होता, हिटलरचा काळ, तिथे तो तरुणांना प्रभुभोजनाआधी एकमेकांजवळ पापकबुली द्यायला सांगायचा आणि स्वतःही आपल्याच एका विद्यार्थ्याजवळ द्यायचा. 1937 मध्ये गेस्टापोने, हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली, पोरं पांगली, तर त्याने पत्रं पाठवून त्यांना जोडून ठेवलं. आपल्याला तर नगरपर्यंत एसटी आहे.

गटाने सगळंच होतं असंही नाही. झोप सलग उडाली, जगण्यातच रस वाटेना, नको ते विचार यायला लागले तर गटाची वाट बघू नकोस, डॉक्टर गाठ, किंवा 14416 ला लाव, टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि शुगर-बीपी एकदा तपासून घे. दहा घरं भेटी म्हणजे दहा कप गोड चहा, नाही म्हटलं तर लोकांना राग येतो.

पाळकीणबाईंनाही त्यांच्यासारख्या दोघी-तिघी लागतील. ते तू जमवू नकोस, त्यांचं त्या बघतील. तू फक्त त्या दिवशी पोरं सांभाळ.

तुमच्या नेवाशाकडे मुक्तिफौजेचे एक कॅप्टन आलेत, आमच्या कॅप्टनच्या ओळखीचे. नंबर वेगळा पाठवतो. फोनवर मीटिंग, कमिटी असलं काही बोलू नकोस, सोमवारी चहाला भेटू का एवढंच विचार. बहुतेक तेही कोणीतरी विचारायचीच वाट बघत असतील. पहिल्या दोन-तीन वेळा क्रिकेट आणि पावसावरच गप्पा होतील, होऊ देत.

घरच्यांना सलाम सांग.

तुझा,
काका